पायदळाची गोळी नेमकी कशासाठी?

गेल्या गणपतीत आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या पोरांनी कारगिलचा देखावा केला होता. थर्माकोलचा डोंगर, त्यावर कापसाचा बर्फ, आणि चढावर प्लास्टरचे तीसेक जवान. सगळे खांद्याला खांदा लावून उभ्यानं धावणारे, बंदूक कमरेशी. आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदारकाका दर्शनाला आले होते. महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये त्यांनी काही वर्षं जवानांना शिकवलंय. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काम मनापासून केलंय रे पोरांनो. फक्त ह्यांना लांब लांब करा. आणि निम्म्यांना आडवं झोपवा."

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. पायदळाच्या लढाईबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे, ते बहुतेक पडद्यावरून आलेलं आहे. पडद्यापलीकडच्या खऱ्या जवानांच्या जिवाचा हिशेब मात्र साध्या भूमितीवर चालतो.

ग्रेनेड फुटला की त्याच्या कवचाचे तुकडे चहूकडे सुटतात. अंतर दुप्पट झालं की तेच तुकडे चौपट क्षेत्रफळावर पसरतात. म्हणजे दोन मीटरवरच्या माणसाच्या वाट्याला जितके तुकडे येतील, त्याच्या पंचविसावा हिस्सा दहा मीटरवरच्या माणसाच्या वाट्याला येईल. तो जमिनीला चिकटून पडला असेल, तर त्याहूनही कमी. म्हणून आजच्या रणांगणावर उभं राहून पाहिलं तर माणूस सहसा दिसतच नाही. माळ, झुडपं, बांध, एवढंच.

मग पूर्वीचे लोक ओळी करून का लढायचे? ते मूर्ख होते, असं सर्रास म्हटलं जातं आणि ते मला फार खटकतं. आमच्या इंदूरहून महिदपूर काही फार लांब नाही. तिथे क्षिप्रेच्या काठी 21 डिसेंबर 1817 ला होळकरांची फौज इंग्रजांशी लढली. त्या काळच्या बंदुकीच्या नळीला आतून आटे नसत, त्यामुळे गोळी शंभर मीटरपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. पुन्हा भरायला वीस-तीस सेकंद लागत. एकट्याच्या नेमाला अर्थच नव्हता. शंभर जणांनी एकाच वेळी बार काढला तरच समोर काही घडायचं, आणि दाट धुरात हुकूम ऐकू यायचा तो शेजारी उभे असलात तरच. ओळ ही त्या बंदुकीची गरज होती. नळीला आटे आले, बिनधुराची दारू आली, मशीनगन आली आणि ओळ मोडली. (महिदपूरनंतर मंदसौरचा तह झाला आणि 1818 मध्ये महूची छावणी वसली. त्याच महूत आज पायदळाचं शिक्षण चालतं.)

आता सगळ्यात मोठा गैरसमज. गोळी झाडतात ती समोरच्याला मारायला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचशा गोळ्यांचं काम समोरच्याची मान खाली ठेवणं हे असतं. रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगानं सुटते, आवाज जातो 340 मीटरनं. तीनशे मीटरवरून कुणी गोळी झाडली, तर ती आधी कानाजवळून चाबकासारखी 'तड्' करून जाते आणि साधारण अर्ध्या सेकंदानंतर 'धप्प' ऐकू येतं. पहिला आवाज गोळीनं हवेत उठवलेल्या लाटेचा, दुसरा बंदुकीचा. मुरलेला जवान त्या दोन आवाजांमधल्या फटीवरून अंतर ओळखतो. नव्या माणसाला फक्त 'तड्' कळतं, आणि तो डोकं वर काढत नाही. तेवढ्याच वेळात गोळीबार करणाऱ्यांची दुसरी तुकडी पुढे सरकते. तीन ते पाच सेकंद धावायचं आणि आडवं व्हायचं. समोरच्याला दिसणं, बंदूक वळवणं, नेम धरणं यात त्याचा तेवढा वेळ जातो. मग भूमिका बदलतात, पुढे गेलेले गोळीबार करतात आणि मागचे धावतात.

म्हणूनच चित्रपटातला तो न थांबणारा गोळीबार मला अस्वस्थ करतो. एके-47 मिनिटाला 600 गोळ्यांच्या गतीनं चालते, म्हणजे सेकंदाला दहा. तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. गोळ्या पाठीवरून न्याव्या लागतात. त्या संपल्या की पुढे सरकणाऱ्या सोबत्यावरचं छत्रच जातं.

आणखी एक गोष्ट लोक मोठ्या विश्वासानं सांगतात: दुसऱ्या महायुद्धात चारातला जेमतेम एकच सैनिक गोळी झाडत असे. हे अमेरिकी लेखक मार्शल यांनी 1947 मध्ये मांडलं. पुढे इतिहासकारांनी त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या आकड्याला आधार सापडला नाही.

मशीनगनबद्दल मात्र मला त्या संध्याकाळी खरी समज आली. ती मोर्चाच्या मधोमध ठेवून समोर फवारायची, असंच मलाही वाटायचं. काकांनी आरतीच्या ताटाजवळची एक अगरबत्ती उचलली आणि प्लास्टरच्या जवानांच्या ओळीवर समोरून आडवी धरली. "इथून मारलं तर एका गोळीच्या वाटेत किती जण येतात?" एकच. मग त्यांनी ती ओळीच्या टोकाला, ओळीच्याच दिशेनं धरली. अख्खी ओळ काडीखाली आली. मशीनगनच्या गोळ्या जमिनीवर पडतात त्या लांबट, अरुंद पट्ट्यात. तो पट्टा शत्रूच्या ओळीवर लांबीनं बसवायचा तर गन बाजूला हवी. बाजूला ठेवली की तिच्यापुढे मातीचा बांध किंवा खडक घेता येतो, म्हणजे समोरून येणाऱ्याला ती दिसतही नाही. दोन टोकांना दोन गन असल्या की त्यांचे पट्टे मध्ये एकमेकांना छेदतात.

मोटारीच्या दाराआड लपणारा नायक आपण पाहतोच. चार ग्रॅमची गोळी 900 मीटर वेगानं आली तर तिची ऊर्जा सुमारे 1600 ज्यूल. ताशी 140 किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा साधारण 120 ज्यूल. इथे तेरापट ऊर्जा पेन्सिलीहून बारीक टोकावर येते. दाराचा पत्रा नजर अडवतो, गोळी नाही. वाळूची पोती दोन्ही अडवतात.

आणि कारगिल. आपल्या 527 जवानांनी तिथे प्राण दिले, आणि त्यांच्या धैर्याला मी काय शब्द देणार. पण ते धैर्य डोळे मिटून धावण्याचं नव्हतं. टायगर हिलवर 18 ग्रेनेडियर्स या पलटणीची घातक प्लॅटून, म्हणजे हल्ल्यासाठी निवडलेल्या जवानांची तुकडी, चढली ती रात्री, दोर लावून, शत्रूला येणं अशक्य वाटेल अशा कड्यावरून. त्याआधी बोफोर्स तोफांनी शिखर भाजून काढलं होतं. अंधाराशीही जुळवून घ्यावं लागतं. डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका काडेपेटीच्या उजेडानं ती कमाई जाते. अंधुकात वस्तू टक लावून दिसत नाही. नजर जराशी बाजूला ठेवावी लागते, कारण डोळ्याच्या पडद्यावर ऐन मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशीच नसतात.

आता ड्रोन आले, पायदळ संपलं, असं ऐकतो. ड्रोन वरून बघतो, म्हणून माणसं आणखी विखुरली, दोघं-तिघं मिळून सरकू लागली. पण डोंगर ताब्यात घेऊन तिथे रात्र काढायला माणूसच लागतो.

दुसऱ्या दिवशी पोरांनी देखावा नव्यानं मांडला. तिसातले बाराच ठेवले, तेही दूर दूर, काही खडकाआड आडवे. एक जण पार डाव्या कोपऱ्यात, बांधाच्या मागे, गन घेऊन. रांगेतले बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जात होते. एका लहान मुलीनं मात्र आईचा पदर ओढला आणि बोट दाखवून विचारलं, "आई, तो तिकडे एकटाच का झोपलाय?"