झोपडी, वड आणि इंजिन : पुण्यातल्या तिसऱ्या पक्षाची पार्श्वभूमी

मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ असते आणि रेघेपलीकडे पक्षांची टेबलं. दोन टेबलांभोवती झुंबड. तिसऱ्यावर दोन पोरं, चहाचे रिकामे कप आणि वाटायच्या राहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पेठेतले एखादे आजोबा तिथे थांबतात, उमेदवाराची आपुलकीने चौकशी करतात आणि निघताना म्हणतात, "माणूस चांगलाय रे, पण मत वाया जाईल." त्या पोरांसाठी याहून वाईट शिवी नाही.

गंमत अशी की एके काळी याच शहराने तिसऱ्या पक्षाचे खासदार निवडून दिले होते. १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे, १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी. चिन्हांत सांगायचं तर आधी झोपडी, मग वडाचं झाड. पण १९५७ ची मतं समाजवादाला पडली असं मानणं भाबडेपणाचं होईल. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. तिचे सरचिटणीस. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि हिंदू महासभा एका मांडवाखाली आले, आणि काँग्रेसच्या विरोधात एकच उमेदवार उभा राहिला. लढत सरळ झाली आणि जागा आली. १ मे १९६० ला राज्य मिळालं, समितीचं काम संपलं, आणि १९६२ ला पुण्याची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली.

मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्येच मांडलं होतं की, ज्याला सर्वांत जास्त मतं तोच विजयी, या पद्धतीत सामना हळूहळू दोघांत उरतो. आपल्या आजोबांनी द्युव्हर्जे वाचलेला नाही, पण ते वागतात त्याच्याच नियमाने.

मग तिसऱ्याने करायचं काय? मांडवात शिरायचं, तर विरघळायची तयारी हवी. समाजवाद्यांनी १९७७ ला ती दाखवली आणि पक्षच जनता पक्षात विसर्जित केला. त्या वर्षी पुण्यातून मोहन धारिया जिंकले, नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर. हेच धारिया १९७१ ला काँग्रेसचे खासदार होते! जनता पक्ष तीनेक वर्षांत फुटला. समाजवाद्यांचं ठळक अस्तित्व या शहरात पुढे उरलं ते राष्ट्र सेवा दल, 'साधना' साप्ताहिक आणि नवी पेठेतलं एस. एम. जोशी फाउंडेशन यांच्यापुरतं. या संस्था जिवंत आहेत, पण त्यांना मतपत्रिकेवर चिन्ह नाही.

बाहेर राहायचं, तर 'मतं खाणारे' हा शिक्का बसतो. १९९९ ला राष्ट्रवादी निघाली आणि लवकरच काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी विरुद्ध भाजप-शिवसेनेची युती अशी घडी बसली. पक्ष चार, पण खेळ दोघांचाच. २००६ मध्ये रेल्वे इंजिनाचं चिन्ह असलेली मनसे आली. २००९ च्या लोकसभेत सुरेश कलमाडी भाजपच्या अनिल शिरोळेंपेक्षा साधारण २५ हजार मतांनी पुढे राहिले, आणि मनसेच्या उमेदवाराला ७५ हजारांहून जास्त मतं पडली. युतीवाले त्यावर किती चरफडले असतील, ते पुणेकरांना सांगायला नको. त्याच वर्षी खडकवासल्यातून रमेश वांजळे मनसेचे आमदार झाले. कसब्यात रवींद्र धंगेकर इंजिनावर लढले आणि गिरीश बापटांकडून हरले. धंगेकर पुढे २०२३ च्या पोटनिवडणुकीत कसब्यातून जिंकले, भाजपशी जवळपास सरळ लढतीत. फक्त तेव्हा चिन्ह पंजाचं होतं.

माझ्या मते विचारसरणीची चर्चा जरा जास्तच होते. तिसऱ्या पक्षाचं खरं रान महापालिका, आणि तिथे सगळं ठरतं प्रभागाच्या मापावर. २०१२ ला दोन-दोन नगरसेवकांचे प्रभाग होते. १५२ जागांपैकी मनसेला २९ मिळाल्या, काँग्रेस आणि भाजप दोघांपेक्षा जास्त, आणि विरोधी पक्षनेतेपदही तिच्याकडे आलं. २०१७ ला प्रभाग चारचे झाले. मनसे दोनवर आली. मोदी लाट होतीच, पण नुसत्या लाटेने हा आकडा सुटत नाही. दोन गल्ल्यांत ओळख असलेला कार्यकर्ता लहान प्रभागात घरोघरी फिरून निवडून येतो. चारच्या प्रभागात सोसायट्या, वस्त्या आणि पेठ एकत्र येतात, खर्च वाढतो, आणि लढत 'पॅनेल टू पॅनेल' होते. मतदाराला चार बटणं दाबायची असतात. पहिलं तो माणूस बघून दाबतो, उरलेली तीन बहुधा चिन्ह बघून.

त्यामुळे तिसऱ्या टेबलावरच्या पोरांचं काम निवडणुकीच्या कितीतरी आधी सुरू होतं. स्वतःचा एक चांगला माणूस त्यांच्याकडे असतोच. उरलेल्या तिघांसाठी, त्यातही महिला आणि राखीव जागांसाठी, त्यांना दारोदार हिंडावं लागतं. आणि कोणी मिळालाच, तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो मोठ्या पक्षाच्या रांगेत दिसत नाही ना, हेही बघावं लागतं.