पगार माणसाचा की कंपनीचा? फरक कसा मोजतात

आपल्याकडं पोरगं संभाजीनगरजवळच्या वाळूजला मोठ्या कंपनीत लागलं की गाव म्हणतं हुशार निघालं, आणि त्याच आयटीआयचा, त्याच फिटर ट्रेडचा दुसरा पोरगा चिकलठाण्याला छोट्या वर्कशॉपमधे कमी पगारावर राहिला की म्हणतात ह्याच्यात काही दम नाही. मला हे लई खटकतं. जास्त पगार मिळवणारा माणूस वेगळा आणि जास्त पगार देणारी कंपनी वेगळी, आणि आपण दोन्हीचं श्रेय नाहीतर दोष एकट्या पोराच्या माथी मारतो.

माणसाचा हिस्सा म्हणजे कसब, अनुभव, शिक्षण, तो जाईल तिथं सोबत जातो. कंपनीचा हिस्सा म्हणजे युनियनचा करार, कंपनीचा नफा, माणसं टिकवायची गरज, हे राजीनामा दिला की गेटच्या आतच राहतं.

आता पगाराच्या स्लिपवर तर एकच आकडा असतो, मग वेगळं कसं करायचं? नोकरी बदलणाऱ्यांकडं बघायचं. अबाउड, क्रामार्झ आणि मार्गोलिस या तिघा अर्थतज्ज्ञांनी 1999 मधे फ्रान्सच्या नोंदींवर हेच केलं. समजा छोट्या वर्कशॉपमधून मोठ्या कंपनीत गेलेल्यांचा पगार सरासरी पाच हजारानं वाढला, आणि मोठीतून छोटीत आलेल्यांचा जवळपास तेवढाच घटला, तर माणसं तीच आहेत, हात तेच आहेत, म्हणजे तो फरक कंपनीचा. इथं एक शंका येतेच की लोक तर जिथं आपल्याला जास्त जमतं तिथंच जातात, मग? पण तसंच असतं तर दोन्हीकडं जाणाऱ्यांचा पगार वाढलेला दिसला असता. कार्ड, हाइनिंग आणि क्लाइन यांनी 2013 च्या पेपरमधे पश्चिम जर्मनीत हे तपासलं तर चढ आणि उतार जवळपास सारखेच निघाले. पगारातल्या एकूण तफावतीत सगळ्यात मोठा वाटा माणसाचाच होता, कंपनीचा साधारण पाचवा हिस्सा, आणि चांगली माणसं चांगल्या कंपन्यांतच जमा व्हायचं प्रमाण 1985 नंतर बरंच वाढलेलं. म्हणजे हुशारीला किंमत नाही असं कुणी म्हणत नाहीये, पण सगळा फरक हुशारीचा नाही.

धंद्यांमधला फरकही असाच. क्रूगर आणि समर्स यांनी 1988 मधे अमेरिकेत दाखवलं की शिक्षण, अनुभव, काम सारखं धरलं तरी काही उद्योग जास्तच देतात. पण तो उद्योगाचा गुण की त्यात मोठ्या कंपन्या जास्त म्हणून, हे परत कंपनी पातळीवर उतरल्याशिवाय कळत नाही.

या पद्धतीत एक खोट आहे, एखाद्या कंपनीतून दोन-तीनच माणसं इकडंतिकडं गेली असतील तर त्यांच्या नशिबाचा चढउतार कंपनीच्या नावावर चढतो आणि कंपनीचा हिस्सा फुगून दिसतो.

आपल्याकडं मुख्य अडचण नोंदींची. कारखान्यांच्या वार्षिक सर्वेक्षणात कारखाना दिसतो पण एकेक कामगार दिसत नाही, आणि श्रमशक्ती सर्वेक्षणात माणूस दिसतो पण मालक कोण ते दिसत नाही. दोन्ही एका जागी जुळवायची सोय पीएफमधे आहे, 2014 पासून यूएएन, म्हणजे प्रत्येक कामगाराचा एकच पीएफ नंबर आला, कंपनी बदलली तरी नंबर तोच. पण त्यातही मेख आहे. वाळूजला एकाच लाईनवर कायम आणि ठेकेदारी दोन्ही माणसं उभी असतात, आणि ठेकेदारीवाल्याचा पीएफ बऱ्याचदा ठेकेदाराच्या कोडवर, म्हणजे ठेकेदाराच्या पीएफ नोंदणी नंबरवर, भरला जातो, म्हणजे घाम कंपनीच्या शेडमधे गाळतो आणि नोंद ठेकेदाराची, मग कंपनी किती देते हे मोजताना हा पोरगा हिशोबात येतच नाही.

आणि बीड, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीला कोयता घेऊन जाणारी जोडपी तर कुठल्याच कोडवर नाहीत. मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे, टनावर मजुरी, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे बाईची मजुरी वेगळी अशी लिहिलेलीच नसते. तिच्या कष्टाचा हिस्सा आणि साखर कारखान्याचा हिस्सा वेगळा काढायचा असेल तर आधी तिच्या नावानं नोंद पाहिजे.