जपानी लोकप्रिय संगीतातील स्त्रीभाषा

मराठीत ‘मी जाते’ म्हटले की बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकते. जपानी क्रियापदाला लिंग नसते. तरीही गाण्याच्या एकदोन ओळींत ते कोणाच्या तोंडचे आहे हे बहुधा उमगते, कारण तिथे ‘मी’च अनेक आहेत: ‘आताशी’ बायकी, ‘बोकु’ मुलग्याचा, ‘ओरे’ रांगड्या पुरुषाचा. वाक्याच्या शेपटाला लागणारे ‘वा’, ‘काशिरा’ बायकी. ‘झो’, ‘झे’ पुरुषी. या बायकी वळणाला ‘ओन्ना कोतोबा’ म्हणतात. ती जुनी, शालीन परंपरा असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यातल्या काही लकबी मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) शाळकरी मुलींच्या असून तेव्हाच्या शिष्टांनी त्यांना नाके मुरडली होती. आज बोलण्यातून ती ओसरली आहे, गाण्यांत टिकून आहे.

तिचे हक्काचे घर म्हणजे एन्का हा विरहगीतांचा प्रकार. ‘किता नो यादो कारा’ (१९७५) मधली बाई उत्तरेकडच्या एका खाणावळवजा मुक्कामावरून सोडून गेलेल्या माणसाची आदबीने खुशाली विचारते आणि तो कधीच घालणार नाही असा स्वेटर थंडीत कुडकुडत विणत बसते. गायिका मियाको हारुमी. शब्द मात्र आकु यू या पुरुषाचे. त्याआधी, १९७३ मध्ये, ‘नामिदा नो मिसाओ’ या गाण्यात तोनोसामा किंग्ज या पुरुषांच्या चमूनेच बाईच्या तोंडून पातिव्रत्याच्या आणाभाका घेतल्या होत्या. एन्कात हे कोणाला वावगे वाटत नाही.

यामागुची मोमोए या गायिकेच्या ‘प्लेबॅक पार्ट २’ (१९७८) मध्ये तरुणी लालभडक पोर्शे हाकते आणि आरसा घासल्याची तक्रार करणाऱ्या शेजारच्या गाडीवाल्याला फटकारते. (एनएचके या जपानच्या सरकारी थाटाच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘पोर्शे’ची नुसती ‘गाडी’ झाली, कारण तिथे कंपनीचे नाव चालत नसे.) हे शब्द आकी योको या स्त्रीचे. गंमत अशी, की ‘चूक तुझीच’ हे तिचे उत्तरही बायकी वळणाचेच आहे. म्हणजे भाषा बायकी असली की बाई सोशिकच असते, असे नाही. पुढे १९८० मध्ये हीच मोमोए लग्न ठरल्यावर एकविसाव्या वर्षी गाणे सोडून संसारात गेली.

एकेबी ४८ सारख्या मुलींच्या चमूंत उलटा प्रकार दिसतो. त्यांचे गीतकार आकिमोतो यासुशी यांच्या कित्येक गीतांत मुली ‘बोकु’ म्हणत गातात, म्हणजे मुलीवर भाळलेल्या मुलाच्या भूमिकेतून. गाणाऱ्या मुलींनी मात्र स्वतः कोणाच्या प्रेमात पडू नये, असा त्या धंद्याचा दंडक.