शासकीय सेवा कार्यालयांतील मतदार नोंदणी (अमेरिका)

सरकारी मदत, परवाना किंवा अन्य कामासाठी कार्यालयात आलेल्या नागरिकाला त्याच खिडकीवर मतदार नोंदणीचा अर्ज देण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने ती बहुतेक राज्यांवर बंधनकारक केली. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जाबरोबरच नोंदणी होत असल्यामुळे या कायद्याला ‘मोटर व्होटर’ हे टोपणनाव पडले. त्या नावामुळे मदत कार्यालयांतून नोंदणी करायला लावणारे सातवे कलम मात्र झाकले गेले. ज्यांच्याकडे गाडीच नाही, अशांसाठी ते होते.

भारतात मतदार यादी नीट ठेवण्याचा मोठा भार निवडणूक आयोगाच्या यंत्रणेवर असतो. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरोघरी फिरतो, नमुना ६ (नव्या नोंदणीचा अर्ज) भरून घेतो. अमेरिकेत नाव नोंदवणे ही परंपरेने नागरिकाची स्वतःची जबाबदारी आहे. घर बदलले की नोंदही बदलून घ्यावी लागते, तीही मतदानाआधी ठरलेल्या मुदतीत. वरचेवर भाड्याची घरे बदलणारा गरीब माणूस या व्यवस्थेत सहज गळतो.

मिशिगन राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि वाहन परवाने पाहणारे राज्याचे पदाधिकारी) रिचर्ड ऑस्टिन यांनी १९७५ मध्ये वाहन कार्यालयांतून नोंदणी सुरू केली. फ्रान्सेस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोवर्ड या अभ्यासकांनी १९८३ मध्ये ‘ह्यूमन सर्व्ह’ ही संस्था काढून हीच कल्पना मदत कार्यालयांकडे वळवली. गरिबाला तिथे वरचेवर यावे लागते आणि तासन्‌तास थांबावे लागते. मग तिथेच अर्ज का देऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. १९९२ मध्ये संसदेने संमत केलेल्या विधेयकावर अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी नकाराधिकार वापरला. पुढच्या वर्षी २० मे रोजी बिल क्लिंटन यांनी नव्या विधेयकावर सही केली. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांसारखी राज्ये अंमलबजावणीविरुद्ध न्यायालयात गेली, पण १९९५ मध्ये ती हरली. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी हा प्रकारच नाही, त्यामुळे ते राज्य कायद्याबाहेर राहिले. मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवू देणाऱ्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, वायोमिंग, आयडाहो आणि न्यू हॅम्पशर यांनाही सूट मिळाली.

सातव्या कलमाखाली फूड स्टॅम्प (अन्नखरेदीसाठी मदत), मेडिकेड (गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा) आणि रोख मदत देणारी कार्यालये, अपंगांसाठीच्या राज्य-अनुदानित सेवा आणि सैन्यभरती केंद्रे येतात. अपंगाला सेवा घरी मिळत असेल, तर नोंदणीही घरीच करून द्यावी लागते. शिवाय प्रत्येक राज्याने आणखी काही ठिकाणे निवडायची असतात. ग्रंथालये, शाळा, मासेमारी-शिकारीचे परवाने देणारी कार्यालये यांचा उल्लेख कायद्यातच आहे. बेरोजगार भत्त्याची कार्यालयेही याच ऐच्छिक यादीत आहेत.

प्रत्यक्ष काम एका छोट्या कागदावर चालते. पहिला अर्ज, नूतनीकरण किंवा पत्ताबदल, दर वेळी अर्जदाराला विचारायचे, की सध्याच्या पत्त्यावर नोंद नसेल तर आज करायची आहे का? होकार वा नकार दिल्याने मदतीच्या रकमेत फरक पडणार नाही, हेही त्यावर छापलेले असते. कर्मचाऱ्याने कोणत्याही पक्षाकडे कल दाखवायचा नाही, नोंदणीपासून परावृत्त करायचे नाही, आणि स्वतःच्या कार्यालयाचे अर्ज भरायला जेवढी मदत करतो तेवढीच इथेही करायची. भरलेला अर्ज दहा दिवसांत, नोंदणीची अखेरची तारीख तोंडावर असेल तर पाच दिवसांत, निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचवायचा.

कागदावरच्या ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही चौकटी कोऱ्या राहिल्या तर? कागद म्हणतो, नकार समजला जाईल. न्यू मेक्सिकोतील कार्यालयांनी याचा सोयीचा अर्थ लावून अशांना अर्ज देणेच थांबवले. २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. लेखी नकार नसेल तर अर्ज हातात द्यायलाच हवा, असा निकाल आला. वाद किरकोळ वाटतो, पण या योजनेचे यशापयश अशाच किरकोळ गोष्टींत ठरत आले आहे. १९९५-९६ या दोन वर्षांत मदत कार्यालयांतून सुमारे २६ लाख नोंदणी अर्ज आले होते. २००५-०६ मध्ये ते साडेपाच लाखांच्याही खाली गेले. रोख मदत घेणाऱ्यांची संख्या रोडावली हे खरे, पण घसरण त्याहून कितीतरी मोठी होती. अनेक ठिकाणी खिडकीवर विचारणेच बंद झाले होते. मिसुरीत २००८ मध्ये न्यायालयाने आदेश देताच तिथल्या नोंदी अनेक पटींनी वाढल्या. लोकांना नोंदणी नको होती, हा युक्तिवाद त्यानंतर फारसा टिकत नाही.

संघीय खात्यांनीही या कामात उतरावे, असा आदेश जो बायडन यांनी मार्च २०२१ मध्ये काढला. डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द केला. १९९३ चा कायदा आणि त्यातील राज्यांवरचे बंधन मात्र कायम आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांची या पद्धतीशी गाठ बहुधा लायसन्सच्या रांगेत पडते, आणि तिथे सावध राहावे लागते. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्यांना संघीय निवडणुकीत मतदानाचा हक्क नाही. तरीही खिडकीवरचा कर्मचारी सवयीने विचारतो, आणि घाईत ‘हो’वर खूण झाली तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचे प्रकरण उभे राहू शकते. १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर त्याचे परिणाम देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत जातात. टपालाने पाठवायच्या संघीय नोंदणी अर्जावर म्हणूनच सर्वांत आधी नागरिकत्वाचा प्रश्न असतो. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा अर्ज भरू नये, अशी सूचना तिथेच छापलेली असते.