जखमी उचलायच्या क्षणीच हेलिकॉप्टर सगळ्यात कमजोर असतं

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक सोलापूरकरांना माहितीचंय. १९३८ ला ते चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले, तेव्हा सर्जननंच आघाडीजवळ जायचं हाच उपाय होता, कारण स्ट्रेचर डोंगर उतरेपर्यंत रक्त वाहून जायचं. ते डिसेंबर १९४२ ला वारले आणि एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात कार्टर हार्मन या अमेरिकन पायलटनं जपान्यांच्या ताब्यातल्या मुलखातून हेलिकॉप्टरनं माणसं उचलली.

त्याचं मशीन सिकॉर्स्कीचं, इंजिन साधारण १८० हॉर्सपॉवर. पंखा हवा खाली ढकलतो म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं, मग हवाच विरळ असली तर तेवढ्याच फेऱ्यांत जोर कमी पडणार. डोंगरावर हवा विरळ असते हे आपल्याला माहिती असतं, पण उन्हानं पण ती विरळ होते बरं का! सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, तरी मे महिन्यात दुपारी ४३ डिग्रीला इथली हवा हेलिकॉप्टरला दीड हजार मीटर उंचीवरच्यासारखी लागते. हार्मनला ब्रह्मदेशात हेच नडलं, एका वेळी एकच माणूस नेता यायचा, दोघांना काढल्यावर इंजिन इतकं तापलं की रात्रभर थांबावं लागलं, आसपास शत्रू असताना, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो उरलेल्या दोघांसाठी परत गेला.

पुढं इंजिनं दमदार झाली पण खरी अडचण तशीच आहे. हेलिकॉप्टर पुढं पळत असलं की पंख्याला सतत ताजी हवा मिळते, ताकद कमी लागते, आणि उंची असेल तर इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि उतरता येतं. जखमी घ्यायचा तर वेग नाही, उंची पण नाही, वरून वजन वाढत चाललेलं, म्हणजे वाचवणारं सगळं एकदमच सोडून द्यायचं, ते पण गोळ्या चालू असताना. मला तरी धाडस इथंच दिसतं.

१४ नोव्हेंबर १९६५ ला व्हिएतनाममधल्या इया द्रांग खोऱ्यात अमेरिकन पायलट ब्रूस क्रँडलनं शस्त्र नसलेल्या हेलिकॉप्टरनं २२ फेऱ्या मारल्या, दारूगोळा आत न्यायचा आणि जखमी बाहेर आणायचे. सोबत एड फ्रीमन, त्यानं एकट्यानं तीसेक जखमी काढले. दोघांनाही मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं, पण २००० सालानंतर, इतका उशीर का लावला कळत नाही!

आपल्याकडं १९९९ ला कारगिलमध्ये हवाई दलाच्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं, जखमींना आणलं. तिथली काही शिखरं ५००० मीटरच्या वर, ५५०० ला तर हवा जवळपास निम्मीच. चिलखती पत्रा लावावा तर तेवढं वजन जखमीच्या वाट्याचं जातं.