दिवस भरत आले, शिफ्ट मात्र तीच

रबाळ्याला ती ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात चढली. गर्दी नेहमीचीच, पण पोट बघून दोघी आपोआप उठल्या. आठवा महिना. टेकल्या टेकल्या तिने चपलेचा पट्टा सैल केला आणि घोट्यावर अंगठा दाबला. बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला, मग हळूहळू भरला.

एमआयडीसीतल्या कंपनीत ती पॅकिंगच्या लाइनवर आहे. आठ तास उभं राहायचं आणि मधूनमधून भरलेले खोके उचलून मागे रचायचे. "सासूबाई म्हणतात, काम करत राहिलं की बाळंतपण सोपं जातं. खरंय का हो ताई?" तिने विचारलं. ठाणं येईपर्यंत मी जेवढं जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२० मध्ये सांगितलं. चालण्याफिरण्याने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो. पण फिरायला गेलेली बाई दमली की कट्ट्यावर टेकते, पाणी पिते, वाटलं तर घरी परतते. लाइनवर तिच्या दमण्याला विचारतो कोण? हवं तेव्हा थांबता येणं, हाच व्यायाम आणि कष्टातला मोठा फरक आहे आणि तो शरीराला नेमका कळतो.

कसा, ते बघू. भरत आलेल्या दिवसांत अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं. हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलत असतं. म्हणजे ती नुसती उभी असते, तेव्हाही तिचं हृदय आधीच कामाला लागलेलं असतं. रक्तातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं खाली येतंच. त्यात आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर ती शिफ्ट काढायची.

आता एका जागी उभं राहण्याचं. पायातलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे उपयोगी पडतात, पण ते आवळले-सैलावले तरच, म्हणजे चाललं तर. नुसतं उभं राहिलं की पंप बंद. वरून वाढलेली गर्भपिशवी ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते. रक्त खाली साचतं, त्यातलं पाणी झिरपून घोटे सुजतात, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त लागतं. पण अंगमेहनतीत स्नायू रक्त ओढतात, उकाड्यात कातडी ओढते, आणि ते याच वाट्यातून जातं. नवी मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तमिळनाडूत ८०० गरोदर महिलांच्या अभ्यासात उष्ण जागी काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट दिसला. छताला पत्रा असलेल्या शेडमध्ये पंखा कुठे लावलाय, ही बाब म्हणूनच किरकोळ नाही.

खोक्याचं गणित तर साध्या कळशीचं आहे. भरलेली कळशी कडेवर घेतली की चालता येतं. तीच हात लांब करून धरून बघा. वजन तेवढंच, पण कंबरेपासूनचं अंतर वाढलं की पाठीवरचा ताण त्याच पटीने वाढतो. आठव्या महिन्यात खोकं अंगाशी घेताच येत नाही, पोट मध्ये असतं. कंबरेपासून २५ सेंटिमीटरवर धरायचा १० किलोंचा खोका ४५ सेंटिमीटरवर गेला, तर पाठीला तो १८ किलोंचा होतो. बाईच्या कण्याने या भाराची तयारी फार पूर्वीच केलेली आहे. पुरुषाच्या कंबरेची बाकदार कमान दोन मणक्यांवर तोललेली असते, बाईची तीन मणक्यांवर. हे २००७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. मला ही फार सुंदर गोष्ट वाटते. पण ती तयारी पोटातल्या बाळासाठी आहे, खोक्यांसाठी नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार, एरवी उत्तम परिस्थितीत २३ किलोंची असलेली मर्यादा विसाव्या आठवड्यानंतर कधीमधी उचलण्यासाठीही सुमारे १२ किलोंवर येते. जमिनीवरून वाकून तर काही उचलूच नये.

याने बाळाचं काय होतं? २००० साली २९ अभ्यास, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार महिला, एकत्र तपासल्या गेल्या. कष्टाच्या किंवा सतत उभ्या राहण्याच्या कामात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता अंदाजे पाव पटीने जास्त निघाली. म्हणजे शंभरात दहा जणी असतील, तर बारा. घाबरून जावं इतकं नाही, पण त्या दोघी कोणाच्या तरी घरच्या असतात. आपल्या जवळचा पुरावा पुण्याचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, शोभा राव आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या रोजच्या कामाची १८ व्या आणि २८ व्या आठवड्यात नोंद केली. शेत, पाणी, घर, सगळं धरून. जिचे कष्ट जास्त, तिचं बाळ लहान, असं चित्र आईचं आधीचं वजन हिशेबात धरूनही दिसलं.

तिला मी दिघा गाव स्टेशन गेल्यावर एवढंच सांगितलं: तासातासाला दोन मिनिटं चाल, जमेल तिथे टेक, एक पाय आलटूनपालटून पाटावर ठेव, घरी डाव्या कुशीवर झोप. पायाची सूज बहुतेकींना येते. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त-पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही.

"बसायला मागितलं तर म्हणतील, मग घरीच बस," ती म्हणाली.

मागण्याचा हक्क जुना आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातच लिहिलं गेलं की बाईने सांगितलं, तर साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येणार नाही. फक्त तिने सांगावं लागतं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना नुसतं 'विश्रांती घ्यावी' असं लिहून घेऊ नये, त्याचा अर्थ 'घरी पाठवा' असाच लावला जातो. 'उभ्याचं काम नको, वजन उचलणं नको, बसून काम करू शकते' एवढं स्पष्ट लिहून घ्यावं आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.