काडी अर्धी, गाडी अर्धी

“रेडिओ बेस शे भाऊ. त्याले अर्थच नही.”

जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजातले मिस्तरी मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे निदान अहिराणीत आलं. मला आधी वाटलं, जुन्या गाडीत रेडिओ ऐकायची माझी हौसच ते निरर्थक ठरवतायत. मग त्यांनी मल्टीमीटरची एक पिन एरियलच्या बुडाला लावली, दुसरी मडगार्डखालच्या उघड्या पत्र्याला. काटा जागचा हलेना. अर्थ म्हणजे अर्थिंग. एरियल गाडीवर उभी होती, पण गाडीला जोडलेली नव्हती.

गाडी 1983 सालची प्रीमियर पद्मिनी, आबांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची. हेच मॉडेल 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलं, पद्मिनी हे नाव पुढे सत्तरच्या दशकातलं. आमच्याकडे मात्र तिला आजही फियाटच म्हणतात. डॅशबोर्डमधला रेडिओ मूळचाच आहे, दोन गोल खुंट्या आणि मधे काटा सरकणारी पट्टी. एरियल मात्र एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांच्याच हातून मोडली होती. ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीच्या कागदांबरोबर पोस्टाचं रेडिओ परवान्याचं पुस्तक सापडलं. रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागायचा, हे माझ्या मुलीला अजून खोटं वाटतं.

मी आधी एका दुकानातून नवी चकचकीत काडी बसवून घेतली होती. दिसायला अगदी जुन्यासारखी. पण इंजिन बंद असताना जळगाव आकाशवाणी जेमतेम कुजबुजायची आणि इंजिन चालू केलं की नुसती खरखर. तिथे सांगितलं, “जुना रेडिओ आहे, एवढंच येणार.” तीन महिने मी त्यावर विश्वास ठेवला.

आता जळगाव केंद्राचा आकडाच घ्या: मध्यम लहरी, 963 किलोहर्ट्झ. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर 300ला मेगाहर्ट्झने, इथे 0.963ने, भागायचं, म्हणजे एक लहर साधारण 311 मीटर. एरियल चांगली चालायची तर ती लहरीच्या निदान पाव हिश्श्याएवढी हवी असं पुस्तक सांगतं. पाव हिस्सा म्हणजे 78 मीटर, वीस-बावीस मजली इमारतीची उंची. आपल्या मडगार्डवरची काडी जेमतेम एक मीटर. एफएमला तीच काडी मापात बसते, कारण 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची आणि तिचा पाव हिस्सा पाऊण मीटर. मध्यम लहरींच्या हिशेबात मात्र काडी इतकी तोकडी की ती लहर झेलत नाही, त्या जागी हवेत असलेला विजेचा दाब फक्त चाचपून बघते.

दाब मोजायचा तर तो कशाच्या तुलनेत, हा प्रश्न येतोच. इथे गाडीचा पत्रा कामाला लागतो. रेडिओला कळतो तो काडी आणि पत्रा यांच्यातला फरक. म्हणून काडी ही अर्धीच एरियल, उरलेली अर्धी म्हणजे बॉनेट, टप, दारं, अख्खी गाडी. मार्कोनीने 1895च्या सुमारास तारेचं एक टोक उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत गाडलं, तेव्हा त्याचा संदेश एकदम लांब जायला लागला. मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रातही हेच असतं. आपल्याला उंच मनोरा दिसतो, पण त्याच्या बुडापासून चहूबाजूंनी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा दिसत नाहीत. धाडणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांचीही अर्धी एरियल नजरेआड असते.

टायर रबरी असताना गाडीला जमीन कुठली, ही शंका मलाही आली होती. तारेने जोडलेली नाहीच. पण गाडीचा मोठा सपाट तळ आणि खालचा रस्ता मिळून एक कपॅसिटर, म्हणजे वीज धरून ठेवणारी जोडी, बनतो. ती किती वीज धरते ती तिची धारणा, पिकोफॅरडमध्ये मोजतात; गाडीची काहीशे पिकोफॅरड. काडीची स्वतःची धारणा दहा-पंधरा पिकोफॅरड. त्या चिमुकल्या काडीच्या मानाने गाडी जमिनीवर टेकल्यासारखीच आहे. अट एकच, काडीचं बूड त्या पत्र्याला खरोखर भिडलेलं हवं.

मिस्तरींनी एरियल उलगडली तेव्हा दोष डोळ्यांसमोर आला. या प्रकारच्या एरियलच्या बुडाशी मडगार्डच्या आतून बसणारी एक दातेरी चकती असते. नट आवळला की तिचे दात पत्र्यात रुततात आणि तोच अर्थ. आमच्याकडे चकती होती, पण दात रुतले होते ते डेंटरने पंधरा वर्षांपूर्वी मारलेल्या काळ्या रबरी लेपात. मडगार्डखाली गंज धरू नये म्हणून मारलेला तो लेप, विजेच्या दृष्टीने पक्की भिंत. मिस्तरींनी भोकाभोवती रुपयाएवढ्या जागेतला लेप खरवडला, पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा उजळ केला, चकती आवळली आणि लगेच वरून ग्रीसचा हात फिरवला. घाई ग्रीसची, कारण उघडा पत्रा, पितळी नट आणि पावसाचं पाणी एकत्र आले की गंज झपाट्याने धरतो, आणि इथे चाकाने उडवलेला चिखल रोजचाच. पुन्हा मल्टीमीटर लावला. विजेला अडथळा अर्ध्या ओहमच्या आत.

खरखर निम्मी गेली.

ती आली कुठून होती? शास्त्रज्ञ हर्ट्झने 1887 मध्ये पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतून. पेट्रोल गाडीत प्लग हेच करतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर फिरत असेल तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, म्हणजे बॉनेटखाली हर्ट्झचा प्रयोग सेकंदाला शंभरदा. बंद बॉनेट हा गोंगाट बराचसा कोंडून ठेवतं. एरियलच्या केबललाही बाहेरून तारांची जाळी असते, ती मधल्या तारेला झाकते. पण जाळीचं टोक अधांतरी असेल तर झाकण उरत नाही, जाळीच एरियल होते, आणि तीही गोंगाटाच्या शेजारी पसरलेली. आमच्या रेडिओला काडी जळगाव ऐकवत होती आणि केबल इंजिन.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी इथेच सांगतो. इंजिन चालू ठेवून रेडिओच्या मागची एरियलची पिन उपसा. खरखर थांबली तर ती एरियलच्या वाटेने येतेय. चालूच राहिली तर बॅटरीच्या वायरीतून शिरतेय, मग कॉइलवरचा कंडेन्सर आणि डायनामो बघायचा, एरियलला दोष द्यायचा नाही.

उरलेली निम्मी खोड केबलमध्ये निघाली. मूळची केबल तुटकी म्हणून त्या दुकानाने सीसीटीव्हीची दोन मीटर केबल जोडून दिली होती. दिसायला दोन्ही काळ्याच. पण गाडीच्या एरियलची खरी केबल कापून बघितली तर आत केसासारखी बारीक तार जाड नळीत जवळजवळ सैल असते, भोवती बरीचशी हवाच. तिची धारणा मीटरला तीसेक पिकोफॅरड. सीसीटीव्हीच्या केबलमध्ये मधली तार जाड आणि भोवती घट्ट प्लास्टिक, त्यामुळे मीटरला 65-70. फरक का पडतो? लोटीभर पाणी पेल्यात ओतलं तर पेला भरतो, तेच परातीत ओतलं तर तळ नीट झाकत नाही. काडीने गोळा केलेलं लोटीभरच असतं. मूळच्या सव्वा मीटर केबलमधून त्या दाबाचा चौथा हिस्सा तरी रेडिओपर्यंत पोचतो, या नव्या परातीतून बारावा. एफएम ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही, म्हणून दुकानदारही खोटं बोलत नव्हता. त्याने आयुष्यभर एफएमच बसवले होते.

मग खरी शोधाशोध. भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे पोत्याखाली अर्धा डझन एरियल पडल्या होत्या, मापाने आणि वयाने वेगवेगळ्या. निवडताना मी चकाकीकडे बघणं सोडलं होतं. टोकापासून पिनपर्यंत मल्टीमीटरने जवळपास शून्य ओहम दाखवले पाहिजेत, प्रत्येक नळी फिरवूनसुद्धा, कारण नळ्यांच्या सांध्यातली पितळी स्प्रिंग मेली की एरियल हलेल तशी तुटक बोलते. पिन आणि बाहेरची जाळी यांत मात्र काही म्हणजे काहीच जाता कामा नये. बुडात ओल शिरली असेल तर मीटरवर पाच-दहा लाख ओहम दिसतात, आणि मध्यम लहरींना तेवढी गळतीही नडते. टोकावरचा गोळा शाबूत हवा. तो पोरांच्या डोळ्यांसाठी आहेच, पण टोकदार काडीच्या अग्रावर विजेचा ताण एकवटतो आणि मे महिन्यातल्या कोरड्या वावटळीत, वळवाच्या ढगाखाली, तिथून वीज झिरपून रेडिओत सूंऽऽ असा आवाज येतो. गोल टोकाने तो ताण पसरतो. सहापैकी एक एरियल या सगळ्यातून पास झाली. क्रोम दोन ठिकाणी उडालेलं, पण केबल मूळची, अखंड.

मडगार्डमधे आत सरकणारी एरियल घेताना खालची नळी किती लांब आहे ते मोजा. आमची वीतभर जास्त निघाली असती तर चाक वळताना घासली असती. त्या नळीला तळाशी पाणी निघायचं भोक असतं. वायरमनच्या हातून ते बऱ्याचदा टेपखाली जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात नळीची बाटली होते. टपावरच्या शार्क फिन (माशाच्या पंखासारख्या) किंवा बोटभर एरियलचा मोह धरू नये, निदान मध्यम लहरींसाठी. त्यांच्या पोटातलं अँप्लिफायर कुजबुज मोठी करतं, सोबत इंजिनही.

शेवटचं काम दोन मिनिटांचं, पण ते न केल्याने सगळ्यावर पाणी पडतं. जुन्या रेडिओवर एरियलच्या पिनेजवळ एक बारीक स्क्रू असतो, ट्रिमर. काडी पूर्ण उभारायची, काटा 1400 किलोहर्ट्झच्या आसपास न्यायचा, तिथलं एखादं क्षीण केंद्र धरायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत स्क्रू हळूच फिरवायचा. काडी आणि केबल मिळून जी धारणा होते तिच्याशी रेडिओचं पोट जुळवून घेतो तो असा. एरियल बदलली की हे पुन्हा करायचं. मिस्तरींनी पाव फेराही फिरवला नसेल, आणि आवाज एकदम पुढे आला, कोणी दार उघडल्यासारखा.

संध्याकाळी आबांना मागे बसवून सावद्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. सूर्य बुडाला तशी वरच्या वातावरणातला, दिवसा मध्यम लहरी गिळणारा थर विरायला लागला, आणि काटा सरकवला की इंदूरचं 648, नागपूरचं 585 उजळत गेलं. वाटेत रेल्वेखालचा बोगदा आला आणि सगळं गप्प झालं. तीनशे ते पाचशे मीटरच्या लहरी त्या बोळकांडीत मावत नाहीत. बाहेर पडताच गाणं जिथे पोचलं होतं तिथून पुढे.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. ताशी 60 किलोमीटरला काडी स्वतःच गायला लागते. वारा तिच्या मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सोडतो आणि त्यांचा ठेका काडीच्या जाडीवर ठरतो; 5 मिलीमीटरच्या काडीला या वेगात सेकंदाला साडेसहाशेच्या आसपास. नव्या गाड्यांच्या एरियलवर वेटोळी पीळ असते ती हे भोवरे एका तालात सुटू नयेत म्हणूनच. आबांनी मला रेडिओ बंद करायला लावला, खिडकीची काच खाली केली आणि म्हणाले, “हा आवाज होता पहिल्या एरियललाही.” मी काडीवर दोरा गुंडाळायचा बेत रद्द केला.